उजवीकडचा स्पीकर

खेडच्या डेपोत पुण्याची एसटी लागली तेव्हा बाबांनी माझी हार्मोनियमची पेटी उचलून खिडकीशी ठेवली. केळशीपासून ती त्यांनी मांडीवरच धरून आणली होती. खाली उतरून म्हणाले, "शब्द विसरलीस तर घाबरू नकोस हो. तबलेवाला थांबतो." गावच्या देवळात मी गायची आणि उजवीकडे तबल्यावर तेच असायचे. मी अडले की तोच ठेका वाजवत राहायचे. शब्द आठवून मी मान हलवली की समेवर यायचे. लोकांना वाटायचं, बसवलेलंच आहे.

पुण्यात दिवसा नोकरी, शनिवार-रविवार एका हॉटेलात गाणं. तिथलं स्टेज एका माणसापुरतंच. तबला, बासरी, व्हायोलिन सगळं टॅबमध्ये. सुरुवातीला अंतरा संपताना मी सवयीने उजवीकडे बघायची. तिथे स्पीकर. एकदा शब्द गेले तर ट्रॅक पुढे निघून गेला, जेवणारे जेवत राहिले. मग शब्दही स्क्रीनवर घेतले. आता अडत नाही. बघतही नाही.

यंदा उत्सवाला गावी गेले. बाबांच्या मनगटात पूर्वीचा जोर नाही. दुसऱ्या अंतऱ्यात त्यांची सम चुकली आणि मी समोर बघत पुढे गात गेले. गाणं संपलं तेव्हा त्यांचे हात तबल्यावर नुसते टेकलेले होते. आई नंतर म्हणाली, त्यांनी दोनदा तुझ्याकडे बघितलं.

घरी ओटीवर बाबा म्हणाले, "सूर छान लागला गो. पुढल्या वर्षी ते मशीनच आण. मी ऐकेन." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी "बरं" म्हटलं आणि पुढ्यातलं घावन संपवलं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही लोक भेटलात की विचारता, गावी आता काय राहिलंय. पूर्वी मी समुद्र, आंबे असं काहीबाही सांगायची. परवा ट्रॅकमध्ये दुसऱ्या अंतऱ्यानंतर आठ मात्रा नुसता ठेका टाकून बघितला. आठ झाल्या की मशीन पुढे निघतंच, मी तयार असो-नसो. बाबा किती थांबायचे, ते मी कधी मोजलं नव्हतं. घर म्हणजे माझ्यासाठी आता त्यांचं ते थांबणं, तेवढंच आहे.

पुढल्या वर्षी टॅब नेणार नाही. बाबांकडे बघून गाईन म्हणते. ते अडले तर थांबायचं कसं, हे मात्र त्यांनाच विचारावं लागेल.