रहिमाबींची कोंबडी

तुम्ही कधी परक्या माणसाच्या पायाची नखं कापलीत का? आईची नाही, सासऱ्यांची नाही. ज्याचं नाव, गल्ली, धर्म यातलं काहीच तुमचं नाही, अशा माणसाची. अंथरुणाला खिळलेला देह, नखं वाढून बोटात रुतलेली, आणि दारातूनच मागे ढकलणारा तो वास. नसतील कापली, तर निदान हे शेवटपर्यंत वाचा. नुसती मान डोलवून पान उलटू नका.

धुळ्याच्या पुष्पाबाई हेच काम करतात. त्यांचा नवरा एसटीत होता, तो गेला, मुलगी लग्न होऊन साक्रीला गेली. घरात बसून भिंतीशी काय बोलायचं, म्हणून त्या चर्चच्या महिला मंडळात शिरल्या आणि मंडळाला कामाला लावलं. मंगळवारी आणि शुक्रवारी बादली, साबण, जुन्या साड्यांचे धुतलेले तुकडे, तेलाची बाटली आणि नेलकटर घेऊन बाया बाहेर पडतात. अंथरुणात पडलेल्यांना आंघोळ घालायची, कूस बदलायची, पाठीला तेल लावायचं. चर्चमध्ये याला नुसतं ‘भेटी’ म्हणतात.

धर्म वाटायला जाता का, असं चौकात एकानं विचारलं होतं. पुष्पाबाईंनी बादली त्याच्यासमोर धरली. “चल, तू पण वाट. पाठ पूस आणि मला सांग कोणता धर्म निघाला.” तो काही आला नाही.

पण ते बोलणं त्यांना लागलं. तेव्हापासून त्यांनी मंडळात नियम केला: ज्या घरी भेटीला जायचं, तिथला चहासुद्धा घ्यायचा नाही. कुणी बोट दाखवायला नको. नियमाचा त्यांना मोठा तोरा होता. एखादी नवी बाई कपाला हात लावायला गेली, की पुष्पाबाईंची नुसती नजर पुरे.

पांझरा नदीच्या काठच्या वस्तीत रहिमाबी राहतात. अर्धांगानं एक बाजू गेलेली. मुलगा हारुन पत्र्याच्या कोठ्या बनवतो. त्याची बायको वारल्यापासून घरात बाईमाणूस नाही, आणि आईला आंघोळ मुलानं कशी घालायची? म्हणून पुष्पाबाई. दर खेपेला निघताना रहिमाबी म्हणायच्या, “हारुन, चहा ठेव.” दर खेपेला पुष्पाबाई म्हणायच्या, “नको आपा, आमचा नियम आहे.”

“तुमच्या नियमात माझं दूध नासतं,” रहिमाबी म्हणायच्या, आणि तोंड फिरवायच्या.

रहिमाबींची एक पांढरी कोंबडी होती, रानी. दिवसभर हारुन दुकानात, आणि ही खाटेखाली. रहिमाबी तिच्याशी बोलायच्या, भांडायच्या, तिला हारुनच्या तक्रारी सांगायच्या. पावसानंतर घराचे पत्रे बदलायला काढले, तेव्हा रहिमाबींना लेकीकडे, नौशीनकडे, नशिराबादला हलवायचं ठरलं. नौशीनकडे मांजर होतं.

“पुष्पा, आयुष्यात एक काम सांगते,” रहिमाबी म्हणाल्या. “रानीला ठेव. अंडी तुझी, रानी माझी.” हारुननं ओळखीला तिच्या पायात हिरवी चिंधी बांधून दिली. पुष्पाबाईंना नाही म्हणता आलं नाही.

आता चर्चच्या हंगामाच्या सणाबद्दल सांगितलं पाहिजे. त्या रविवारी माणसं शेतातलं, घरातलं पहिलं फळ देवाला आणतात: वांगी, केळीचे घड, दादर ज्वारी, अंडी, कोंबड्या. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि आलेला पैसा भेटींच्या कामाला लागतो. लिलाव पुकारायचा मान लोटन आबांचा. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आवाज अजून इंजिनावर मात करणारा. “बोला, बोला! पाळकसाहेब वांग्याकडे बघून गप्प का बसले?” लोक हसतात, उपासना चालवणारे पाळकही हसतात, आणि बोली चढत जाते. कोंबडी घेणारा बहुतेक वेळा ती तिथंच मागच्या स्वयंपाकाला देऊन टाकतो. दुपारी सगळे एका पंगतीत जेवतात.

रानी घरी असतानाच तो रविवार आला, आणि पुष्पाबाईंना दिवसभर स्वयंपाकाला थांबायचं होतं. रानीला एकटी कशी सोडायची म्हणून त्यांनी ती सोबत आणली आणि चर्चच्या ओट्यावर बाकाच्या पायाला बांधली. सणाच्या दिवशी ओट्यावर बांधलेली कोंबडी देवाची, हे चर्चमधल्या लहान पोरालाही माहीत असतं. पुष्पाबाईंनाही माहीत होतं. पण त्यांच्या डोक्यात ती रहिमाबींची होती, आणि दुसऱ्या कुणाच्या डोक्यात ते कसं असणार?

चार वाजता त्या ओट्यावर आल्या. बाक रिकामा. मग मागच्या बाजूला, पिसांच्या ढिगात त्यांना हिरवी चिंधी दिसली. दुपारचा रस्सा त्यांनीच ढवळला होता. मीठ चाखलं होतं.

लोटन आबांनी सगळं ऐकलं आणि हात झटकले. “कोंबडी ती कोंबडी शे, पुष्पा. बजारमा पांढरी मिळी. त्या म्हातारीले काय दिखस?”

“तिला हाक मारली की ती यायची, आबा. बाजारातली येईल का?”

 पण रात्रभर तो सल्ला पुष्पाबाईंच्या डोक्यात फिरत राहिला. खोटं कशाला सांगू? सकाळी त्या बाजारापर्यंत गेल्यासुद्धा. एक पांढरी कोंबडी हातात घेतली, तिच्या पायाला चिंधी लावून बघितली. मग कोंबडी ठेवली आणि चिंधी घेऊन त्या घरी आल्या.

रहिमाबी परतल्या त्याच मंगळवारी पुष्पाबाई एकट्याच गेल्या. बादली बाहेर ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. मीठ चाखल्याचंसुद्धा.

हारुन म्हणाला, “मावशी, इतकी वर्षं तुम्ही आमचं केलं. आम्ही तुम्हाला एकच काम सांगितलं होतं.”

रहिमाबींनी पुढं केलेली चिंधी मुठीत घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी आंघोळ झाली नाही. शुक्रवारी दार लोटलेलं होतं. पुष्पाबाई पायरीवर बसल्या. शेजारणी येता-जाता बघत होत्या, एक हळूच म्हणाली, “चर्चवालीनं रानी खाल्ली.” पुष्पाबाईंच्या जिभेवर उत्तर आलं, तिखट. त्यांनी ते गिळलं, कारण शेजारीण म्हणाली ते खरं होतं. आत म्हातारीच्या पाठीला जखम होत असेल, आणि आपला हात तिथपर्यंत पोचत नाही, एवढंच त्यांना कळत होतं. दार उघडलं नाही, तर तो हात आता तिथं कधीच पोचणार नव्हता.

पुढच्या मंगळवारी दार उघडं होतं.

“आत ये,” रहिमाबी म्हणाल्या. “पाठ जळते. पण आधी चहा.”

“आपा, आमचा...”

“तुझा नियम माझ्या रानीसोबत शिजला.” रहिमाबींचा आवाज फाटला. “इतकी वर्षं तू देत राहिलीस, मी घेत राहिले. मला भिकारी करून ठेवलंस, पुष्पा. कधी विचार केलास? खाटेवर पडलेल्या बाईकडे द्यायला एक कप चहाच असतो. तोही तू घेतला नाहीस.”

पुष्पाबाईंना वाटत होतं, नियमानं आपण त्या घरांची लाज राखतो. राखत होत्या ती स्वतःची. त्या खाली बसल्या. हारुननं चहा आणला, फार गोड, आलं घातलेला. त्यांनी तो संपवला, कप विसळून पालथा घातला, आणि मग रहिमाबींची कूस वळवली. पाठीवर जखम झाली होती, पण अजून उथळ होती.

लोटन आबांनी चर्चच्या सभेत विचारलं, “नियमाचं काय?”

“मी केला होता, मीच मोडला. पुढचं बोला,” पुष्पाबाई म्हणाल्या.

रहिमाबींनी दुसरी कोंबडी घेतलेली नाही. चिंधी खाटेच्या दांडीला बांधलेली आहे.

आता तुम्हाला सांगायचं ते एवढंच. पैसे पाठवू नका, फोटो काढायला येऊ नका. तुमच्या गल्लीत असं एक अंथरूण असणारच. ते शोधा, नेलकटर आणि कोमट पाणी घेऊन आत जा. आणि निघताना त्या माणसानं चहा पुढं केला, तर खाली बसून तो प्या.