पोन्नीची सहावी ढांग

घोड्याला ताल शिकवता येतो असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या तंजावरात एकच, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. सरकारी पशुवैद्य होते. निवृत्तीनंतर लोक तिरुवैयारूला गाणं ऐकायला जातात. मामांनी त्याच रस्त्यावरच्या आपल्या नारळीच्या बागेत अडथळ्यांवरून उड्या मारणारी घोडी आणली, पोन्नी. मामांचे गुडघे गेल्यामुळे वर बसते ती त्यांची लेक सुगुणा. मामा जमिनीवरून दोघींना चालवतात. मातीत दोन दांडे आडवे टाकलेले. मधल्या अंतरात पोन्नीच्या पाच ढांगा सहज बसतात. मामांना तेवढ्यातच सहा हव्यात, मग लगेच चार, मग पुन्हा पाच. "जोर कमी करू नकोस ग, नुसती ढांग आखड!" ते ओरडतात. "कॉफी तेवढीच, टंबलर पाचाऐवजी सहा!" मी हिशेबाचा माणूस. एकदा टेप लावली, तर अंतर हातभर कमी भरलं. मामा ते पावलांनी मोजत आणि दुखऱ्या गुडघ्यामुळे पाऊल लहान पडे. सांगितलं, तर खूश झाले. "म्हणजे माझीही ढांग आखडली, जावईबापू. पण जोर कमी झालाय का, सांगा!"

ढांग आखडायची खूण म्हणजे मामांची टाळी. आमच्याकडे मांडीवर ताल धरणं श्वास घेण्याइतकंच सवयीचं, त्यामुळे यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी सांबारभात भराभर जेवू लागलो की मलाही टाळी पडे. मग आली गेल्या वर्षीची स्पर्धा. पोन्नीने पहिला अडथळा असा काही पार केला की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गुणी घोडीने तत्काळ ढांग आखडली, पुढच्या अडथळ्याशी भलत्याच जागी पोचली आणि दांडा खाली. पुढेही तेच. मामीने घरी येताच निकाल दिला, "पुढल्या वर्षी एक जरी दांडा पडला, तर घोडी कोइंबतूरच्या क्लबला द्यायची. तुमचे गुडघे की ती, एक काय ते सांभाळा."

मामांनी सगळं नव्याने मांडलं. आता सुगुणा पाठ ताठ करून खोल बसे, लगाम क्षणभर धरून सोडे, खूण तेवढीच. आणि रोज संध्याकाळी आम्ही नातेवाईक नारळीखाली खुर्च्या टाकून वेळीअवेळी टाळ्या पिटायचो, पोन्नीने त्या मनावर घेऊ नयेत म्हणून. सगळ्यांत जोरात मामी. अट घालणारीही तीच, हे तिला कुणी सांगायची सोय नव्हती. मामांना मात्र टाळीची बंदी, ती त्यांनी स्वतःच घातलेली.

यंदा शेवटच्या दोन अडथळ्यांपर्यंत एकही दांडा हलला नव्हता. मधलं अंतर पोन्नीला अडनिडं होतं. पाचांत लांब पडायचं, सहांत अडचण. टाळ्या सुरूच होत्या, पण तिचा कानही वळला नाही. सुगुणा खोल बसली. मी मोजलं: सहा. उडी स्वच्छ. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. मामा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले.

"अहो, आता तरी वाजवा," मामी म्हणाली. "संपलं की सगळं. घोडी घरीच येत्ये."

"नको," फाटकातून बाहेर पडणाऱ्या पोन्नीकडे बघत मामा म्हणाले. "लोकांच्या टाळ्या ती विसरली. माझीही विसरली का, ते मला बघायचं नाही."