डेअरीच्या रांगेतली हजेरी

शेटे सर गेल्याची बातमी मला आमच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. मधल्या सुट्टीत पोरांना खिचडी वाढणं चाललं होतं आणि टेबलावर फोन सारखा वाजत होता. बघितलं तर हात जोडलेल्या चित्रांची रांग. आमच्या ग्रुपवर वाढदिवसालाही हात जोडतात आणि बदलीलाही, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. खिचडी संपली, भांडी घासायला गेली, मग सवडीनं वर वर सरकवत गेले, तर सगळ्यात वर सरांचा फोटो... निवृत्तीच्या वेळचा, फेटा बांधलेला. सकाळी मळ्यातून फिरून आले, चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले म्हणे. त्यांचं गाव जयसिंगपूरच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. आम्ही चार-पाच जण गारगोटीहून गाडी करून निघालो, पण पोचेपर्यंत मळ्यातच त्यांना समाधी दिलेली होती. ताज्या मातीपुढं उभी राहून मी नमस्कार केला आणि मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती आता राहिली.

महादेव शेटे आमचे केंद्रप्रमुख होते. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा प्राथमिक शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी. वरून आलेला कागद खाली द्यायचा आणि खालून आलेली माहिती वर, असं बहुतेकांचं काम चालतं. सर मात्र शाळेत आले की ऑफिसात न बसता थेट वर्गात मागच्या बाकावर बसायचे, आणि त्यांच्या देहाला ते बाक कधीच पुरायचं नाही. बैठकीत आम्हा बायकांना ‘मॅडम’ म्हणायचे, बैठक संपली की ‘अक्का’. आवाज असा की शाळेच्या फाटकात बोलले तर पहिलीची पोरं वर्गात गप्प व्हायची. माझं त्यांच्याशी फारसं जमायचं नाही, हेही सांगून टाकते. मी तोंडानं फटकळ, ते हट्टी. दोनदा तर आमचं भर बैठकीत वाजलं होतं.

कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा मी भुदरगडातल्या एका डोंगराकडच्या वाडीवर शिकवत होते. रोज गारगोटीहून जाऊन-येऊन. शाळा बंद म्हणजे मास्तर घरी बसून पगार खातात असं लोकांना वाटायचं. इथं आमचे निम्मे शिक्षक नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करत उभे होते, उरलेले घरोघरी ताप मोजत फिरत होते. माझ्या शाळेच्या दोन्ही खोल्यांत मुंबईहून आलेली माणसं चौदा चौदा दिवस राहून जात होती. जिथं सातवीचा फळा, तिथं दोरी बांधून त्यांची धुणी वाळत होती. पोषण आहाराचा तांदूळ आम्ही पोरांच्या घरी नेऊन देत होतो. आणि अशात आदेश आला की शिक्षण ऑनलाइन सुरू ठेवा. आमच्या वाडीवर रेंज यायची ती फक्त टेकावरच्या म्हसोबापाशी, आणि बऱ्या फोनांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी सरांना फोन करून तोंड सोडलं. म्हटलं, “लिंक पाठवताय, ती काय म्हसोबानं उघडायची?” ते पलीकडून म्हणाले, “अक्का, तुमच्या वाडीवर रोज चालू असलेली एक तरी गोष्ट सांगा मला. काय बंद हाय ते नका सांगू.”

मी चिडून म्हटलं, “दूध डेअरी.” आणि तिथंच सरांची युक्ती जन्माला आली.

आमच्या भागात सगळं बंद पडेल पण दुधाचं संकलन बंद पडत नाही. म्हैस काय लॉकडाऊन ऐकत नाही. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातून किटली घेऊन कुणीतरी डेअरीत येतं, आणि शाळा नसल्यामुळं ते कुणीतरी म्हणजे बहुतेक घरातलं पोरगंच. रांगेसाठी जमिनीवर चुन्याचे गोल आखलेलेच होते. सरांनी ठरवलं, शिक्षकानं सकाळी संकलनाच्या वेळी डेअरीच्या कट्ट्यावर लांब बसायचं, पोरानं दूध घातलं की त्याला दिवसाचा स्वाध्याय द्यायचा, कालचा सोडवलेला परत घ्यायचा, दोन शब्द बोलायचं आणि यादीत त्याच्या नावापुढं बरोबरची खूण करायची. झेरॉक्सची दुकानं बंद होती, म्हणून आम्ही कार्बन लावून हातानं प्रश्न लिहायचो. परत आलेले कागद तीन दिवस उन्हात पसरायचे, मग तपासायचे. आमच्या डेअरीचे सेक्रेटरी ते बघून म्हणाले, “बाई, आता कागदास्नी बी कोरंटाईन व्हय?” पण काम चाललं. पंधरा दिवसांत सगळ्या केंद्रात डेअरी म्हणजे शाळा झाली. शेजारच्या केंद्राचे लोक विचारायला आले. सर उभ्या उभ्या सगळ्या वाड्यांवर फिरायचे, मास्क नाकाखाली घसरलेला, आणि कुणी टोकलं की म्हणायचे, “नाक मोठं हाय ओ, काय करू!”

आता जे सांगायचं राहिलं ते. माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास. गारगोटीत आमच्या गल्लीत दोन घरं पॉझिटिव्ह निघाली तेव्हा मी घाबरले. पहाटे उठून वाडीवर जायचं, तीस-चाळीस माणसांच्या रांगेजवळ बसायचं, आणि परत येऊन सासूबाईंना जेवायला वाढायचं... मला ते झेपेना. मी सरांकडं सवलत मागू शकले असते. आमचं आधी वाजलेलं होतं, त्यामुळं त्यांच्यापुढं नमतं घ्यायला मन तयार होईना. मी सेक्रेटरींना म्हटलं, पुढच्या स्वाध्यायांचा गठ्ठा तुमच्याकडं ठेवते, पोरांना तेवढे देत चला, सोडवून आलेले साठवून ठेवा. संध्याकाळी डेअरीच्या जुन्या लँडलाइनवर त्यांना फोन करायचा, “सगळी आलती काय?” ते म्हणायचे, “व्हय बाई, आलती की सगळी.” त्यांना दुधाची फॅट बघायची का पोरं मोजायची? पुढं पुढं तो फोनही मी सोडून दिला. मी घरी बसून सगळ्या नावांपुढं खुणा करायची आणि यादीचा फोटो सरांना पाठवायची. असे तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत सहावीतल्या सुवर्णानं एकही स्वाध्याय नेलेला नव्हता. तिचा बाप इचलकरंजीत मागावर कामाला होता, तो घरी बसला, आणि त्यांनी एकुलती एक म्हैस विकली. मला याचा पत्ता नव्हता. सर वाडीवर आले होते तेव्हा त्यांना ती डोंगराच्या अंगाला दुसऱ्यांची शेरडं राखताना दिसली. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. त्यांनी विचारलं, “काय करालीस गं हितं? स्वाध्याय न्हेत न्हाईस व्हय?” ती म्हणाली, “सर, आमची म्हस इकली.” सर म्हणाले, “म्हणून काय झालं?” तर ती म्हणाली, “मोकळ्या हातानं डेअरीत कशी जाऊ? एक दिवस गेलते, तर समदी इचारली, किटली कुठाय.” आई-बापांनी तिला मामाकडं कायमची पाठवायचं जवळजवळ ठरवलं होतं. मामाकडं गाई होत्या आणि शाळा तशीही बंदच होती. सर तिथूनच तिच्या घरी गेले आणि मामाचा बेत पंधरा दिवस पुढं ढकलून घेतला. कसा, ते मला माहीत नाही. त्यांच्या आवाजानंच ढकलला असावा.

दोन दिवसांनी सरांनी बैठक लावली. शाळेच्या मैदानात, वडाखाली, प्रत्येकाची खुर्ची लांब लांब. मला वाटलं आता माझी यादी निघणार. सर उभे राहिले आणि म्हणाले, “डेअरीची युक्ती माझी. ज्याच्या गोठ्यात जनावर हाय त्येचंच पोरगं मी मोजलं. ज्याच्या घरात म्हस न्हाय, त्येचं पोरगं माझ्या हिशेबात बसलंच न्हाय. चूक माझी हाय. उद्यापासनं डेअरी बंद. प्रत्येकानं घरोघरी जायाचं, लांब उभं राहायाचं, पण पोरगं डोळ्यांनी बघायाचं.” अधिकाऱ्यानं भर बैठकीत स्वतःची चूक कबूल केलेली मी त्याआधी बघितली नव्हती. सगळे शिक्षक खाली बघत होते. बिनजनावराची अशी पोरं जवळजवळ प्रत्येक वाडीवर निघाली. पण बाकीच्या ठिकाणी निदान त्यांच्या नावापुढची जागा मोकळी होती. माझ्याच यादीत एकही जागा मोकळी नव्हती. मी तेव्हा उठायला हवं होतं, एवढंच म्हणायला हवं होतं की सर, सुवर्णाच्या बाबतीतली चूक तुमची नाही, माझी आहे. मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सुवर्णाच्या दारात गेले. ती उंबऱ्यावर, मी अंगणातल्या दगडावर. अपूर्णांक राहिले होते, तिथून सुरुवात केली. थोड्या वेळानं तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “बाई, इतकं दिवस माझी गैरहजरी लागली आसंल न्हाय?” वर्षभराच्या हजेरीचं बक्षीस तिला चौथीपासून मिळत होतं. मी म्हटलं, “नाही गं, सगळी हजेरीच लागली आहे.” ती इतकी खूश झाली... मला तिच्याकडं बघवेना. अपूर्णांकाचं पुढचं उदाहरण मी चुकीचं सांगितलं आणि तिनंच ते दुरुस्त केलं.

सुवर्णा राहिली. सातवी वाडीवर झाली, हायस्कूल झालं, आता ती गारगोटीच्या कॉलेजात एसटीनं येते-जाते, कधी स्टँडवर भेटली की ओढणी सावरत हसते. सर त्यानंतर लवकरच निवृत्त झाले. निरोप समारंभात मी भाषण केलं. डेअरीची गोष्ट अगदी रंगवून सांगितली, नाकाचा किस्सा सांगितला, लोक पोट धरून हसले. सरही हसले. माझी गोष्ट मात्र जिभेवर येऊन परत गेली. वाटलं, आज त्यांचा दिवस आहे, आज कशाला. मग दिवाळीला फोन झाला तेव्हा वाटलं, सणासुदीचं कशाला. सवड काढून त्यांच्या गावी जायचं ठरवलं, तेही दोन-तीनदा. माझ्या दृष्टीनं माणसं कुठं पळून जात नव्हती.

गेल्या रविवारी मी एकटीच गेले. आधी एसटी, मग जयसिंगपुरातून वडापची जीप. सरांच्या पत्नी, सुनंदावहिनी, सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. “या अक्का, या,” म्हणून त्यांनी घोंगडं पसरलं. इकडचं तिकडचं बोललो. मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, सासूबाईंच्या दम्यासकट. सांगताना रडू आलं आणि मी ते अडवलं नाही. वहिनी शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत.

“त्यास्नी म्हाईत हुतं की,” त्या म्हणाल्या.

वहिनींनी टरफलं एका बाजूला सारली. “तुमच्या वाडीवर पेशंट निघाला, गाव दोन दिस सील क्येलतं, दूध संकलनबी बंद. त्या दोन दिसाच्यासुदीक तुमच्या समद्या खुणा बरूबर. हितंच बसून बघालते यादी. मी म्हटलं, इचारा की बाईस्नी. तर म्हणाले, नगं, घरात म्हातारं माणूस हाय त्यांच्या, भ्याल्यात. सांगतील आपणहून, सवडीनं.”

“मग... कधी काही म्हणाले नाहीत?”

“काय म्हणणार? तुमचा फोन आला की मला हात करायचे, गप ऱ्हा म्हणून. फोन ठेवला की म्हणायचे, आज बी न्हाय.”

त्या आत चहा टाकायला गेल्या. मी सोप्यात बसून राहिले. भिंतीपाशी फोनची खुर्ची होती, शेजारी खिडकीत त्यांचा चष्मा तसाच घडी घालून ठेवलेला. या खुर्चीत बसून ते माझ्याशी पाऊसपाणी बोलत, सासूबाईंची तब्येत विचारत, पोरांची चौकशी करत, आणि मग बोलणं संपलं तरी फोन लगेच ठेवत नसत. “आणि काय अक्का? आणि काय?” असं दोन-तीनदा विचारायचे. मला वाटायचं, निवृत्त माणूस, वेळ जात नसेल. मी “काही नाही सर, ठेवते,” म्हणायची आणि ठेवून द्यायची.