मंगलचा खाडा

काल पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये नात अक्षराखाली बोट ठेवून वाचत होती. "घ... र... घर." ते ऐकलं आणि मला चाकणजवळच्या माझ्या शाळेतली, दुसरीच्या वर्गातली मंगल आठवली.

तिचे वडील परभणीकडून इथे कंपनीत कामाला आले होते. मंगल अशीच एकेक आवाज जोडत, अडखळत वाचायची. बाकीच्या पोरांकडून मी धडा घोकून घेतला होता. तपासणीला साहेब येणार होते, त्या सकाळी मला तिच्या अडखळण्याची धास्ती वाटली.

"मंगल, तुला ताप दिसतोय. घरी जा."

"मला कुठं ताप हाय, गुरुजी? हात लावून बघा की! आज मला पुढं बसायचंय."

मी हात लावला नाही. दप्तर छातीशी धरून ती निघून गेली.

साहेबांसमोर वर्गाने धडा घडाघडा म्हटला. एका पोराने तर पान न उलटताच पुढच्या पानावरचंही म्हणून टाकलं. साहेब खूश झाले. मीही खूश होतो. त्या वर्गात खरं वाचणारी एकटी मंगलच होती, हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिला वाचायला उठवलं, तर पुस्तक मिटून म्हणाली, "मला न्हाई येत, गुरुजी."

त्यानंतर वर्षभर ती तेच म्हणत राहिली.

हजेरीपटात त्या दिवशी मी तिचा खाडा मांडला होता. तो खोटा आहे. मंगल शाळेत आली होती.