उत्तरेची भिंत

नेसविकच्या पांढऱ्या लाकडी चर्चची किल्ली गुनवोरकडे असते. उन्हाळ्यात बोटीनं माणसं येतात, डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, फ्योर्डच्या पाण्यात उलट्या दिसणाऱ्या मनोऱ्याचे फोटो काढतात, आणि ती त्यांना तेच तेच सांगते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी या बडबडीचा वीट आलाय, पण किल्ली काही सोडवत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये त्या घोळक्यात तिचा धाकटा भाऊ होता. ओसमुंड. एकोणीस वर्षं गावात न फिरकलेला, आईच्या अंत्यविधीलाही न आलेला. तिनं त्याला चालीवरूनच ओळखलं.

"टोपी काढा. आत चालत नाही."

"मला अहोजाहो? बरं बाई!" त्यानं टोपी काढली. डोकं पार तुळतुळीत.

बाकीचे बोटीकडे गेल्यावर तो चर्चला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीपाशी थांबला. नेसविकमध्ये दर चार वर्षांनी गाव मिळून चर्च रंगवतं. प्रत्येक घराची भिंत ठरलेली. यांची ही, डोंगराकडची, फोटोत कधीच न येणारी.

"वरचा भाग काळवंडलाय गं."

"शिडीवर तू चढायचास. मी खालचं तेवढं रंगवते."

"शेजारच्या हल्वर्डला सांगायचंस."

"दुसऱ्याच्या भिंतीला कोण हात लावतं? शहरात जाऊन एवढंही विसरलास?"

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, "आता कधी रंगवणार?"

"येत्या जूनमध्ये. पहिल्या शनिवारी."

"मी आलो तर चालेल?"

तिला हवाच होता तो. पण या कामाला नेसविकमध्ये कुणी कुणाला बोलावत नाही. आपण होऊन ब्रश घेऊन उभं राहायचं असतं.

"विचारून कोण येतं?" ती म्हणाली. तिच्या लेखी हा होकारच होता. आणि खरं सांगायचं तर त्याला जरा टोचावं, असंही होतंच मनात.

बोटीचा भोंगा वाजला. "बरंय, गुनवोर," म्हणत तो गेला. हिवाळ्यात तिनं दोनदा फोन उचलला आणि खाली ठेवला.

मार्चमध्ये त्याच्या मुलीचा, इंगविलचा फोन आला. "आत्या, बाबा गेले."

गुनवोर खुर्चीत बसली.

"रंगकामाचे पांढरे कपडे आणून ठेवले होते त्यांनी. आई म्हणायची, जा की जूनमध्ये. तर म्हणायचे, तिला मी नकोय." पोरगी नाक ओढत थांबली. "शुक्रवारी दफन आहे. तुम्ही याल का?"

किती सरळ विचारून मोकळी झाली! गुनवोर "येते" म्हणाली आणि गेलीही.

जूनच्या पहिल्या शनिवारी सगळं गाव रंगाचे डबे घेऊन जमलं, तेव्हा ती थेट हल्वर्डपुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या भिंतीवर चढशील का?"

आजूबाजूचे ब्रश थांबले. हल्वर्ड कानापर्यंत लाल झाला, बुटांकडे बघत राहिला, मग मुकाट्यानं शिडी घेऊन आला. तिनं ती खालून दोन्ही हातांनी घट्ट धरली. पांढऱ्या कपड्यातला कुठलाही माणूस खालून ओसमुंडसारखाच दिसला असता, म्हणून तो उतरेपर्यंत तिनं मान वर केली नाही.