शाईनं लिहिलेलं ‘नाही’

इंटर झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती गावोगाव फिरून प्रश्न विचारायची. सरकारला खेड्यांचा अभ्यास हवा होता, कोल्हापुरातली एक संस्था तो करत होती. शिकल्यासवरलेल्या पोरीनं दारोदार हिंडायचं म्हणून घरात भरपूर बोलणी खाल्ली. तरी मी गेलेच.

आमचा एक नियम होता. प्रश्नांचे तक्ते पेन्सिलीनं भरायचे. कचेरीत साहेब तपासत, ‘दुरुस्त’ करत, मग ते शाईनं गिरवायचे आणि खाली आमची सही. तेव्हा मला हा नियम फार शहाणपणाचा वाटे.

उचगाव ओलांडून पुढच्या एका गावात चावडीत बसून मी तक्ता भरत होते. ‘सार्वजनिक विहीर सर्वांना खुली आहे काय?’ अस्पृश्यता कायद्यानं गेली होती, म्हणून हा प्रश्न मुद्दाम घातलेला.

“खुली हाय की. कोण अडवतंय?” गावचा पुढारी म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. चहा आला. मी ‘होय’वर खूण केली. ती खूण आठवली की आजही मला स्वतःचा संताप येतो.

यष्टीला वेळ होता म्हणून चावडीसमोरच्या विहिरीकडं गेले. कठड्यापासून बरीच लांब, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक बाई रिकामी घागर घेऊन उन्हात बसली होती. बाकीच्या बायका पाणी शेंदून जात होत्या. कुणाला दया आली तर तिच्या घागरीत वरून ओतणार.

“कधीपासून बसलाय, मावशी?”

“सकाळधरनं.” मग माझ्या कागदाकडं बघून तिनं विचारलं, “त्यात हिरीचं काय लिवलंसा?”

“सगळ्यांना खुली आहे, असं.”

ती उठली, लुगडं झटकलं. “मग चला की. तुमी लिवलंय, तुमीच संगं उबं ऱ्हावा.”

भीती वाटली, पण मागं सरायची लाज वाटली, म्हणून मी तिच्याबरोबर कठड्यापाशी गेले. तिनं दोराला हात घातला आणि चावडीतून पुढारी ओरडत आला, “ए, सोड त्यो दोर.”

“आत्ताच तुम्ही खुली म्हणालात,” मी म्हटलं.

“कागदावर हाय की खुली. बाई, तुमी यष्टीनं जाणार. हितं आमाला ऱ्हायाचं हाय.”

तिनं दोर सोडला. मी तिची घागर भरायला पुढं झाले, तर म्हणाली, “तुमी वतू नगासा. वतणारे लई हाईत.”

मी पिशवीतून शाईचं पेन काढलं. पुढाऱ्याच्या डोळ्यांदेखत ‘होय’वर काट मारली आणि मोठ्यानं म्हणत ठळक ‘नाही’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तक्ता नाचवला. “शाई खोडता येत नाही, माहीत आहे ना?”

“म्हणूनच वापरली.”

“सगळ्या तालुक्यात हा एकच ‘नाही’ दिसतोय. वरून विचारतील.” त्यांनी कोरा तक्ता पुढं सरकवला. “पेन्सिलीनं भरा.”

मी तिथंच भरला. शाईनं. पुन्हा ‘नाही’.

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे. तुम्हाला हवं तर तुम्ही ‘होय’ लिहा, पण खाली सही तुमची करा.”

साहेबांनी सही केली नाही. तक्ता तसाच वर गेला आणि माझी नोकरी गेली.

पुढच्या बाजाराला मी पुन्हा त्या गावात गेले. ती त्याच जागी बसली होती. नोकरी गेल्याचं मी तिला सांगितलं.

“आन् ते ‘न्हाय’?”

“ते आहे. सरकारात गेलं.”

तिनं घागर उचलली. “चला तर. आज दोर सोडायची न्हाय मी.”

मी पदर खोचला. तिनं दोर धरला, तिच्या हाताखाली मीही धरला. चावडीतून हाक आली. आम्ही दोघींनी मान वळवली नाही.