अल्लीपूरच्या रानातली सोळा झाडं

आधीच सांगते, भुताखेतांवर, अंगात येण्यावर, शकुन-अपशकुनावर माझा कधीच विश्वास नव्हता. चोवीस वर्षं मी एका हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळते आहे. स्टॉकमध्ये सलाइनची एक बाटली कमी निघाली तर काय करायचं ते मला कळतं, फॉर्म ठरलेला आहे. पण जास्त निघाली तर...? हा अनुभव त्या जातीचा आहे.

जागा – वर्धा जिल्हा, हिंगणघाट तालुका. अल्लीपूरच्या पुढे दोन किलोमीटरवर, नाल्याला लागून आमचं साडेतीन एकर रान आहे. सासऱ्यांनी ते कधी नांगरू दिलं नाही. मोह, चिंच, बेहडा, कडुनिंब, आंबा अशी मोठी झाडं एकूण शहाण्णव. मीच मोजली आणि चुन्याने नंबर टाकले. या शहाण्णवही झाडांवर एक वेल चढली होती. फुलं जांभळट, दिसायला छान. कोणे एके काळी बाहेरच्या देशातून बागेसाठी आणलेली आणि मग रानात सुटलेली, रबरवेल म्हणतात तिला. तोडली की दुधासारखा चीक गळतो. बुंध्याशी मनगटाएवढी, काही ठिकाणी मांडीएवढी जाड. शेंड्यापर्यंत जाऊन ती झाडाचं ऊनच बंद करते. काही झाडं उभ्याउभ्या वाळली होती.

माझे दीर विलासभाऊजी यांचं हिंगणघाटला शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"वहिनी, हे रान नाई, कचरा हाये. परवानगी काढतो, जेसीबी लावतो, दोन दिवसांत मैदान."

"वेल काढायची तर झाडं कशाला पाडता?"

"वेल निघत नाई न! मागच्या साली काढली, डबल आली."

कशी नाही येणार? गड्यांनी ती वरवर ओढून तोडली होती, मुळं जागच्या जागी. शेवटी आमच्यात ठरलं – शेंगा तडकून बियांच्या म्हाताऱ्या उडायच्या आत शहाण्णव झाडांची वेल मुळासकट निघाली, तर रान राहील. एक जरी झाड राहिलं तर जेसीबी. आमचे हे दोघांच्या मध्ये बसून चहा पीत राहिले.

फेब्रुवारी लागला होता. गावातल्या शकुंतलाबाईला विचारलं. ती कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी चालवते. तिने स्वतःसकट चार बाया दिल्या, पण दहाच दिवस. अकराव्या दिवशी त्यांना हरभरा सोंगायला जायचं होतं. एका बाईची दिवसाला दोन झाडं, म्हणजे चौघींची आठ. दहा दिवसांत ऐंशी. सोळा झाडं कमी पडत होती, हे मला पहिल्याच दिवशी कागदावर दिसत होतं. माझा खांदा धरलेला, त्यामुळे कोयता चालवणं माझ्याच्याने होत नाही. तरी सुरुवात केली.

कामाची पद्धत ठरवून दिली. कमरेच्या उंचीवर एक घाव, जमिनीलगत दुसरा. वरची वेल ओढायची नाही, ती झाडावरच वाळू द्यायची. मग सब्बलने, म्हणजे पहारीने, मूळ उकरून दगडावर उलटं ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. झाड झालं की प्रत्येकीने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फांदीला बांधायची. चार बाया, चार रंग. मी संध्याकाळी चिंध्या पाहून रजिस्टर भरणार.

कामाला हात लावण्याआधी शकुंतलाबाईने पाच खडे मांडले, दहीभात ठेवला. पहिल्या वेचणीला कापसात सीतादही करतात ना, तशी. हळद-कुंकू वाहिलं आणि सवयीने म्हणाली, "भरभरून येजो, माय!"

"अहो शकुंतलाबाई! वेल भरभरून यायला हवी आहे का आपल्याला?"

बाया पोट धरून हसल्या. तिने कपाळावर हात मारला, पुन्हा हात जोडले. "चुकलं माय. येल नको. कामाले हात पुरव."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा हिशेब चुकला. चिंध्या चोवीस, पण झालेली झाडं सव्वीस. दोन झाडांना चिंधीच नाही.

"कोणी बांधायची विसरली?"

"कोणी नाई, बाई."

"खरं सांगा."

"आता आमी काऊन खोटं बोलू?" शकुंतलाबाई म्हणाली. "कामचोरी लपवते मानूस. जास्तीचं काम लपवते का कोणी?"

पाचव्या दिवशी तीन झाडं जास्त. सहाव्या दिवशी एकही नाही. मी त्या झाडांचे घाव नीट पाहिले. चौघी उजव्या हाताच्या, त्यांचा घाव उजवीकडून डावीकडे उतरतो. हे घाव डावीकडून उजवीकडे उतरले होते. सगळे, एकजात.

सातव्या दिवशी दुपारी साडेबाराला चौघी चिंचेखाली जेवायला बसल्या. मी समोरच होते. सवयीने डोकी मोजली... चार. आणि आतून आवाज आला. टक्... टक्... कोयत्याचा.

लाकूडचोर असेल म्हणून मी आणि शकुंतलाबाई आत गेलो. खाली पळसाची वाळलेली पानं इतकी, की मांजर चाललं तरी कळावं. आमच्याच पावलांचा आवाज येत होता, दुसरा कोणाचाच नाही. झाड नंबर सत्तावन्न, बेहडा. वेलीला दोन स्वच्छ घाव. वरच्या तुकड्यातून पांढरा चीक धारेने गळत होता. मूळ दगडावर उलटं, त्याची माती अजून ओली. माणूस नाही. सगळीकडे ऊन लख्ख.

घाबरले का? हो. बाकीच्या तिघींना कळल्यावर त्या डबे आवरायला लागल्या. त्या गेल्या असत्या तर रान गेलंच होतं. शकुंतलाबाईने मात्र कमरेवर हात ठेवले.

"बसा न चुपचाप! भूत असतं तं आपल्याले कापलं असतं. हे येल कापून राह्यलं. अन् पाहा जरा, गंगे, तुह्यापेक्षा साफ काम हाये!"

गंगूबाई फणकारली, "माह्यं काम खराब हाये का?" आणि रागारागात कोयता घेऊन उठली. त्या दिवशी तिने एकटीने तीन झाडं केली. मी नोंद केली, तिन्ही तिचीच. पुढच्या तीन दिवसांतही बिनचिंधीची झाडं निघत राहिली, एकूण सोळा झाली.

दहाव्या दिवशी चार वाजता शेवटचं, रानाच्या मधोमधचं मोहाचं झाड झालं. वेल मांडीएवढी, चौघींनी मिळून कापली, म्हणून त्या दिवशी त्यांची सातच झाली. भाऊजी आलेच. माझं रजिस्टर घेऊन, बुटाच्या टोकाने मुळं उलटीपालटी करत एकेका नंबरपाशी गेले. शहाण्णव. पुन्हा मोजले. शहाण्णव. वर पाहिलं, तर तपकिरी झालेल्या वेलीतून कितीतरी वर्षांनी आभाळ दिसत होतं. एकही शेंग तडकली नव्हती.

"वहिनी... दहा दिवसांत? चार बायांनी?"

"चौघींनी ऐंशी केली. सोळांचं मला माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, मग फोन काढला. "अरे, ते उद्याचं कॅन्सल कर."

बायांनी अशी आरोळी ठोकली की नाल्यापलीकडचे बगळे उडाले. शकुंतलाबाई म्हणाली, "भाऊ, जेसीबी आता दुकानापुढं उभा करा, लोकं फोटो काढतीन!" भाऊजीही हसले. मी तर सरळ नाचले, धरलेल्या खांद्यासकट.

नंतर मी सगळं तपासलं. शेजारच्या शेतकऱ्यांना विचारलं. फुकट, न सांगता, दुसऱ्याच्या रानात कोण राबेल? ही वेल चोरायला कोणी येत नाही, जनावरंही तिला तोंड लावत नाहीत. गावातल्या दोन डावखुऱ्यांपैकी एक पुण्याला असतो, दुसऱ्याचं वय ऐंशीच्या पुढे. शकुंतलाबाईला तिचं उत्तर माहीत आहे – हात मागितले, मायने पुरवले. मला ते पटत नाही आणि खोडताही येत नाही.

पावसाळ्यात वेल पुन्हा फुटली ती नऊ ठिकाणी. नऊही मुळं आमच्या हातून अर्धवट निघालेली होती, त्यात गंगूबाईची चार. त्या सोळांखाली एकही कोंब नाही. शहाण्णव झाडं उभी आहेत, आणि कोणी विचारलं की मी एवढंच सांगते – काम झालं, चोख झालं, कोणी केलं ते मला कळलेलं नाही.